दोन प्रिंट आणि एक लुगडे

निवृत्त झालेला माणूस बागकामाकडे वळतो, ज्ञानेश्वरीकडे वळतो किंवा स्वतःचा रक्तदाब मोजत बसतो. मी छायाचित्रणाकडे वळलो. वळलो म्हणजे कॅमेरा गळ्यात आधीपासून होताच, पण नोकरी संपल्यावर काढलेली चित्रे संगणकाच्या पडद्यावर बघून समाधान होईना. पडद्यावरचे चित्र दिवा मालवला की संपते. भिंतीवरचे चित्र आपण बघत नसतानाही तिथे असते, आणि मला वाटते चित्राच्या असण्यातला निम्मा भाग हाच आहे. असो. तर २०१९ साली मी मोठ्या आकाराची छायाचित्रे घरच्या घरी छापता येतील असा प्रिंटर घ्यायचे ठरवले.

'मोठ्या आकाराची' म्हणजे सतरा इंच रुंदीची. छपाईच्या धंद्यातल्या माणसाला हा आकार खेळण्यातला वाटेल. त्यांची यंत्रे चोवीस इंचांपासून पुढे चव्वेचाळीस आणि त्याहून रुंद असतात, आणि ती आपल्या पायांवर उभी राहतात. टेबलावर मावेल आणि घरातल्या माणसांशी भांडण न होता ठेवता येईल अशा यंत्रांची मर्यादा सतरा इंच. त्या वेळी या वर्गात विचार करण्याजोगे दोनच उमेदवार मला दिसत होते: एप्सनचा शुअरकलर पी-८०० आणि कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-१०००. दोन्ही २०१५ सालचे, दोन्हींच्या शाया डायच्या नसून पिगमेंटच्या, दोन्हींची कार्ट्रिजे ऐंशी मिलिलिटरची.

माझे आयुष्य एका विमा कंपनीत आकडेमोड करण्यात गेले. त्यामुळे निर्णय घ्यायचा म्हणजे तक्ता करायचा, ही सवय हाडात मुरलेली. मी एकवीस ओळींचा तक्ता केला. त्याच्या सगळ्या ओळी इथे देऊन वाचकांना छळणार नाही, पण काही गोष्टी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट शाई कागदावर फेकण्याची. एप्सनच्या मुद्रणशीर्षात प्रत्येक छिद्रामागे एक स्फटिकासारखा तुकडा असतो. विजेचा दाब दिला की तो किंचित वाकतो आणि पिचकारी दाबावी तसा शाईचा थेंब बाहेर ढकलतो. कॅननच्या शीर्षात सूक्ष्म तापक असतो, तो क्षणार्धात शाईचा बुडबुडा करतो आणि त्या बुडबुड्याच्या रेट्याने थेंब उडतो. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली गरम सोल्डरिंगची कांडी चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली, अशी या तंत्राची जन्मकथा सांगतात. दोन्हींत थेंब तीन-चार पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या तिप्पट-चौपट. एवढ्या बारीक छिद्रांतून पिगमेंटची शाई जायची, म्हणजे ती सुकून अडकणार हे आलेच. बुडबुड्याचे शीर्ष कालांतराने झिजते, पण ते आपले आपल्याला बदलता येते. स्फटिकाचे शीर्ष जास्त टिकते, मात्र ते गेले तर यंत्रच गेल्यासारखे. इथे मी कॅननला एक गुण अधिक दिला.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. चकचकीत कागदाला एक काळी शाई लागते आणि सुती, खरबरीत कागदाला दुसरी. कॅननमध्ये दोन्ही काळ्यांना आपापली वाट होती. पी-८०० मध्ये दोघींना एकच वाट, त्यामुळे कागदाचा प्रकार बदलला की आधीची काळी नळीतून काढून टाकायची, ती वाया घालवायची, मग दुसरी आत घ्यायची. यात पुन्हा कॅननची सरशी. पण एप्सनला गुंडाळीचा कागद लावण्याची जोड मिळत होती, प्रो-१००० ला ती नव्हती. आणि मला लांबलचक आडवी चित्रे काढण्याचा नाद. शिवाय वजन: एप्सन साडेएकोणीस किलो, कॅनन बत्तीस. आमच्याकडे यंत्र तळघरात ठेवायचे होते, आणि जिना उतरणारी माणसे दोघेही पासष्टीच्या पुढची.

असे करत करत तक्ता जवळजवळ बरोबरीत आला आणि निकाल शेवटच्या ओळीवर येऊन ठेपला. ती ओळ होती रंगाची.

रंगाची परीक्षा करायला मी एक चित्र निवडले होते. त्याची हकिकत थोडी मागून सांगावी लागेल. माझ्या सासूबाईंचे एक नऊवारी रेशमी लुगडे आमच्याकडे आले होते, चिंतामणी रंगाचे. चिंतामणी म्हणजे नेमका कोणता रंग, यावर दोन बायकांचे एकमत झालेले मी अजून ऐकलेले नाही. निळ्याच्या घरातला, पण नुसता निळा नव्हे, एवढे सगळ्या मान्य करतात. सासूबाईंच्या लुगड्याचा निळा जांभळ्याकडे झुकलेला, आणि उन्हात धरला की आतून दिवा लावल्यासारखा दिसणारा. मराठी लुगड्यांच्या रंगांची नावे पाहिली तर आपल्या आज्या-पणज्या रंगांबाबत किती काटेकोर होत्या ते कळते. अंजिरी, वांगी, डाळिंबी, मोतिया, अबोली, पिरोजी, गुलबक्षी. यातल्या एकीलाही दुसरीच्या जागी चालवून घेतलेले त्यांना खपले नसते. आम्ही पुरुष मात्र 'ती निळी' आणि 'ती दुसरी निळी' यावर भागवतो.

लुगडे जुने, रेशीम घड्यांवर विरत चाललेले. उलगडले की प्रत्येक वेळी एखादी घडी नव्याने सुटायची. म्हणून २०१७ साली वाईच्या घरी गेलो असताना माडीवरच्या दांडीवर ते टाकून, खिडकीच्या उजेडात मी त्याची छायाचित्रे काढली. त्याच माडीवर काचेच्या चौकटीत रविवर्म्याच्या छापखान्यातली एक लक्ष्मी होती. तो छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे शिळेवरच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करीत. लक्ष्मीच्या साडीचा गुलाबी एका दगडाचा, तर सावलीतला तपकिरी दुसऱ्याच दगडाचा. हे मी तेव्हा बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितले होते. पुढे काय होणार हे ठाऊक असते तर ते स्वतःलाही एकदा सांगितले असते.

लुगडे आम्ही बरोबर अमेरिकेत आणले. बायकोची इच्छा अशी की लुगड्याची घडी आता पुन्हा मोडायची नाही, त्याऐवजी भिंतीवर त्याचे एक चांगले मोठे चित्र असावे. प्रिंटर घेण्यामागचे हे एक कारण होतेच, किंबहुना तिच्या लेखी तेवढे एकच कारण होते.

एका दुकानदाराने भलेपणाने माझी फाइल घेऊन दोन्ही यंत्रांवर, एकाच बरायटा कागदावर, ज्याच्या-त्याच्या रंग-प्रोफाइलने छापून दिली. दोन प्रिंट मी घरी आणले, पाच हजार केल्व्हिनचा दिवा लावला (छपाईची परीक्षा याच उजेडात करण्याचा दंडक आहे) आणि भिंग घेऊन बसलो. सावल्यांतले बारकावे पाहिले, राखाडीत कुठे हिरवी-गुलाबी झाक येते का ते पाहिले, तिरप्या उजेडात काळ्यावर काशासारखी चमक येते का तेही पाहिले. कॅनन वरून एका पारदर्शक द्रवाचा हात देतो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग जास्त एकसारखा होता. रंगाबाबत मला काही फरक दिसला नाही. तक्त्यात लिहिले: समसमान.

बायको कोल्हापूरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत असे. लग्नाआधी ए.टी.डी. केलेली, शेकडो मुलांना एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसवलेली. ती हात पुसत आली, दोन्ही प्रिंट पाहिले आणि एप्सनच्या प्रिंटवर बोट ठेवून म्हणाली, "अहो, हा आईचा चिंतामणी नाही. ही पेनातली शाई आहे."

मी दिव्याचे केल्व्हिन सांगितले. प्रोफाइल म्हणजे काय ते समजावले. दोन प्रिंट शेजारी ठेवले की डोळा नसलेला फरक शोधतो, हेही सांगितले. ती म्हणाली, "तुम्ही घ्या तुम्हाला हवा तो. मी आपलं दिसलं ते सांगितलं." माझ्या एकवीस ओळींच्या तक्त्यात तिच्या मताला रकाना नव्हता. एप्सन घरी आला.

इथे एक कबुली दिली पाहिजे. तांत्रिक दृष्ट्या तिचे म्हणणे खरे असण्याची शक्यता मला कागदावर दिसत होती. पी-८०० मध्ये निळी शाई नव्हतीच. आकाशी आणि किरमिजी एकावर एक टाकून तो निळा तयार करतो. सिद्धान्ताने हे ठीक आहे, पण खऱ्या शाया सिद्धान्ताइतक्या शुद्ध नसतात. किरमिजी शाई परतवायचा तो निळा उजेड थोडा गिळते, आकाशी शाईसुद्धा आपल्या वाट्याचा नसलेला उजेड गिळते, आणि दोघींच्या मिश्रणातून येणारा गडद निळा-जांभळा मलूल पडतो. प्रो-१००० मध्ये याचसाठी निळ्या शाईचे वेगळे कार्ट्रिज दिलेले होते, तांबड्याचेही. वेगळ्या रंगाला वेगळा दगड. इतकेच काय, छापण्यापूर्वी पडद्यावर जी पूर्वचाचणी करतात तीत सॉफ्टवेअरने लुगड्याच्या अर्ध्या अंगावर राखाडी डाग टाकून 'हा रंग या यंत्राच्या आवाक्याबाहेरचा आहे' असे मला बजावले होते. मी स्वतःशी म्हणालो, हे सगळे पुस्तकी. शेवटी डोळ्यांना काय दिसते ते महत्त्वाचे. आकड्यांचा माणूस ऐन वेळी आकडे सोडून डोळ्यांच्या आश्रयाला गेला, आणि तेही नेमक्या नको त्या डोळ्यांच्या.

पुढची चार वर्षे यंत्राने मला चांगली साथ दिली, त्याची नालस्ती मी करणार नाही. पिगमेंटचा प्रिंटर हे जनावर आहे, त्याला रोज नाही तरी आठवड्याला वैरण लागते. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात घर तापवल्याने हवा इतकी कोरडी होते की चार दिवस छापले नाही तर शाईची छिद्रे तुंबतात. मग सफाईचे आवर्तन करावे लागते आणि त्यात साठ डॉलरांच्या कार्ट्रिजमधली शाई चित्राऐवजी सांडपाण्याच्या टाकीत जाते. मी यंत्राशेजारी पाण्याचे भांडे ठेवू लागलो, दर रविवारी पोस्टकार्डाएवढे एखादे चित्र छापू लागलो. ती पोस्टकार्डे नातेवाइकांना जात. प्रिंटरची प्रकृती सांभाळण्यासाठी मी इतक्या लोकांची विचारपूस केली की माझी माणुसकी वाढली आहे असा काहींचा समज झाला.

लुगड्याचे सतरा-पंचवीस इंची चित्रही छापले, चौकट केली, जेवणघरात लावले. बायकोने 'छान झालंय' म्हटले. ती त्याच्याकडे पाठ करून बसे, पण तिची ती जागा पूर्वीपासूनचीच होती, त्यामुळे मी त्यातून काही अर्थ काढला नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांत होता, उजवा आधी केला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, मी घरी येऊन न्हाणीघरात गेलो आणि क्षणभर वाटले की फरशा बदलल्या. इतकी वर्षे मलईच्या रंगाच्या वाटणाऱ्या फरशा पांढऱ्या होत्या, किंचित निळसर पांढऱ्या. डावा डोळा मिटला की पांढऱ्या, उजवा मिटला की चहात बुडवून काढलेल्या. हा अनुभव शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांना येतो, मला त्याची कल्पनाही दिलेली होती. डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे, मग तपकिरी होत जाते. तो पिवळेपणा जांभळ्या-निळ्या टोकाचा उजेड अडवतो, आणि हे इतके सावकाश होते की मेंदू रोज थोडे-थोडे जमवून घेतो. क्लोद मोने या चित्रकाराच्या उजव्या डोळ्यावर १९२३ साली हीच शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर रंग भलतेच दिसतात म्हणून तो हैराण झाला, हे मी वाचलेले होते. वाचलेले असणे वेगळे.

जेवणघरात गेलो. भिंतीवर लुगड्याचे चित्र होते. उजव्या डोळ्याने पाहिले. पेनातली शाई.

मी तळघरात जाऊन ते २०१९ चे दोन प्रिंट शोधून काढले. मागे पेन्सिलीने यंत्रांची नावे होती, तरी मी ती न बघता खिडकीपाशी धरले. डाव्या डोळ्याला दोन्ही सारखे: गडद, काळपट निळे, समसमान. उजव्या डोळ्याला एक मलूल आणि दुसऱ्यात जांभळ्याकडे झुकलेला तो उजेड, सासूबाईंच्या पदराचा. फरक इतका ढळढळीत की शाळेतल्या पोरानेही दाखवला असता. मी बराच वेळ तिथे उभा राहून एकदा हा, एकदा तो डोळा मिटत होतो. समोरच्या घरातल्या बाईंनी पाहिले असते तर त्यांचा भलताच गैरसमज झाला असता.

मग ट्रंक उघडली. घडी मोडली नाही, नुसते लुगड्याचे वरचे टोक चित्रांशेजारी घेतले. यात एक गंमत आहे आणि ती समजायला मला दोन दिवस लागले. डाव्या डोळ्याला मूळ लुगडेसुद्धा त्या दोन्ही प्रिंटांसारखेच काळपट दिसत होते. म्हणजे २०१९ साली मी प्रिंट लुगड्याशी ताडून 'जुळतो' म्हणालो ते खोटे नव्हते. एल ग्रेकोच्या चित्रांतली माणसे लांबट का, तर त्याच्या डोळ्यांत दोष होता, असे एक मत मागे निघाले होते. त्यावरचा प्रतिवाद सरळ आहे: डोळ्याला माणूस लांबट दिसत असेल तर कॅनव्हासही लांबट दिसेल आणि दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतील. माझेही तसेच. पिवळ्या भिंगाने माझ्याकडून रंग चुकीचा करवून घेतला नव्हता, त्याने फक्त दोन रंगांमधला फरक पुसून टाकला होता. आणि फरक पुसलेला डोळा फार आत्मविश्वासाने 'समसमान' म्हणतो.

आकाशांच्या बाबतीत मात्र हा बचाव चालत नाही. त्यांचे मूळ शेजारी धरून बघण्याची सोय नव्हती, होती ती तरुणपणी पाहिलेल्या आकाशाची आठवण. त्या आठवणीशी जुळेपर्यंत मी चार वर्षे पडद्यावर निळा वाढवत गेलो होतो. आता पाहतो तर दोनेकशे प्रिंटांतली आकाशे नीळ जास्त झालेल्या धोतरासारखी. ज्या नातेवाइकांना पोस्टकार्डे गेली त्यांच्यापैकी कोणीही एका अक्षराने बोलले नव्हते.

संध्याकाळी बायकोला सांगितले. तयारी करून सांगितले, म्हणजे भिंगाचा पिवळेपणा, मोने, एल ग्रेको असे सगळे. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "मला तेव्हाच माहीत होतं." मी विचारले, मग बोलली का नाहीस? "बोलले होते की एकदा. पण तुम्ही तक्ता केला होता." आवाजात राग नव्हता, असता तर बरे झाले असते. मी जेवणघरातली चौकट उतरवली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला, तो दोन्ही डोळ्यांना दिसतो.

पी-८०० चे दिवस तसेही भरले होते. २०२० साली त्याच्या जागी पी-९०० आला. त्यात जांभळ्या शाईचे वेगळे कार्ट्रिज आहे, आणि दोन्ही काळ्यांना आपापली वाटही मिळाली आहे. बदल्यात कार्ट्रिजे ऐंशीवरून पन्नास मिलिलिटरवर आली. यंत्र सोळा-एक किलोचे, आणि गुंडाळीची जोड याही खेपेला मिळते. कॅननने २०२४ साली प्रो-११०० आणला. शाया नव्या आणि ओरखडा कमी उठावा म्हणून त्यांत मेणाचा अंश, वजन मात्र जवळपास पूर्वीइतकेच. पुन्हा तक्ता करण्याचा मोह झाला नाही असे म्हणणार नाही. सात ओळी लिहून झाल्या होत्या.

फाइल तीच, वाईच्या माडीवरची. नमुन्याचे दोन प्रिंट परवा आले. पाकीट बायकोने उघडले. मागच्या बाजूची नावे तिने कागदाच्या पट्ट्या चिकटवून झाकली, पट्ट्यांवर एक आणि दोन असे आकडे घातले आणि कोणता आकडा कुठल्या यंत्राचा ते आपल्याजवळ ठेवले. तिची निवड झालेली आहे, ती सांगत नाही. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मी वर्षभर या ना त्या कारणाने पुढे ढकलत आलो. डॉक्टरांना वाटते मी भितो. खरे कारण असे की तो चहाच्या रंगाचा उजेड एकदा गेला की २०१९ साली मला काय दिसत होते ते पुन्हा बघायला मिळणार नाही, आणि माझ्या बाजूचा तेवढाच एक साक्षीदार उरला आहे. पण बायको म्हणते, दोन्ही डोळे झाल्याशिवाय हे प्रिंट तुम्हाला दाखवणार नाही. लुगड्याच्याच ट्रंकेत ठेवून तिने कुलूप लावले आहे. येत्या गुरुवारची वेळ मिळाली आहे, सकाळी साडेसातची.